जवळ्याच्या खळ्यावरचा पक्षी

नाशिकजवळ सातपूरच्या माझ्या शेडमध्ये तो पक्षी चार महिने उभा होता. स्टीलचा, बारा फुटी, पंख उघडलेला. पालघरकडच्या एका गावाला किनाऱ्यावर शिल्प हवं होतं. एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं.

जागा मीच निवडली. भरतीच्या रेषेच्या वर सपाट मोकळी जमीन होती. कुणीतरी ती सारवली होती, हे मला दिसत होतं. मी टेप लावून मापं घेत असताना टोपली घेतलेली एक म्हातारी कोळीण जवळ आली.

"बाय, हितं आमचा जवला सुकतो. हे आमचं खळं हाय."

"आजी, जागा मंजूर झालीय," मी म्हणाले.

ते खोटं होतं. जागा कुठली हे अजून मीच सांगायचं होतं. वीस पावलं सरकले असते तरी कुणी काही म्हटलं नसतं. पण तिथून मावळता सूर्य नेमका दोन पंखांच्या मध्ये येत होता. आजी निघून गेली, आणि मला हायसं वाटलं.

पुढच्या वर्षी शिल्प दाखवायला मी बहिणीला घेऊन गेले. खळ्यावर आता फरशी होती, भोवती साखळी. तीच आजी रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर जवळा पसरत होती. तिने मला ओळखलं नाही. बहिणीने अर्धा किलो मागितला.

"नीट धुवून घ्या," पिशवी बांधताना आजी म्हणाली. "आता रेती लागते. पयलं खळं होतं, ते त्या पाखराखाली गेलं."

बहिणीचा चेहरा उजळला. "अहो, ते पाखरू तर हिनेच—"

मी तिचा दंड घट्ट दाबला. आजीने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा जवळा पसरू लागली.

परतताना जव्हार मागे पडल्यावर मी बहिणीला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "तिथंच बोलायला हवं होतंस."

घरी येऊन मी ग्रामपंचायतीला पत्र लिहिलं, की माझ्या खर्चाने शिल्प हलवते. उत्तर आलं, की पर्यटक त्यासाठीच येतात, हलवता येणार नाही. मी पुन्हा लिहिलं नाही. मनातून सुटल्यासारखंच वाटलं, तेही खरं.

अजूनही नवं काम मागायला जाते तेव्हा आल्बमच्या पहिल्या पानावर तो पक्षी असतो. काढून टाकावा असं दर वेळी वाटतं, आणि दर वेळी मी तेच पान आधी उघडते.