दरवाजाच्या फटीत आण्णांचं बोट

शंकरराव सुतार यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका जुन्या मोटारीत चालकाशेजारी बसले होते आणि त्यांचं बोट दरवाजाच्या फटीत होतं. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या गॅरेजसमोर गतिरोधक आहे. गाडीचे मालक ती त्यावरून तिरकी नेत होते, म्हणजे आधी एक चाक चढेल आणि मग दुसरं. गाडी पलीकडे उतरली. शंकररावांनी बोट बाहेर काढून पाहिलं, त्यावर लाल वळ उठला होता. "चिमटा बसतोय. बॉडी पीळ खातीया," ते मालकांना म्हणाले, "गाडी सोडून जावा."

मी तेव्हा एका फौंड्रीत तपासनीस होतो आणि कंपनीच्या टेम्पोचं काम घेऊन तिथे उभा होतो. तपासनिसाला मधे बोलल्याशिवाय राहवत नाही. मी म्हणालो, "फट मोजायला गेज मिळतो की."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "पावणं, गेजला दुखत न्हाय," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

त्या उत्तराने मला जे धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही. वर्षभरात मी कायमची नोकरी सोडली आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्यांच्याकडे शिकायला गेलो. घरात दोन दिवस माझ्याशी कुणी बोललं नाही. शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत तर मला वेड लागल्याचीच चर्चा होती. शंकररावांनी, म्हणजे आमच्या सर्वांच्या आण्णांनी, एवढंच विचारलं, "जेवणाचा डबा आनणार का हितंच खाणार?" मला ते 'इन्स्पेक्टर' म्हणू लागले, पण बोलायचे मात्र अहो-जाहो करून. त्यांच्या या बहुमानाची मला भीतीच वाटे.

आण्णांच्या अमृतमहोत्सवानिमित्त गौरवग्रंथ काढायचा ठरला तेव्हा त्यांनी सरळ नकार दिला होता. मग पंधरा दिवसांनी एका अटीवर ते तयार झाले. अट मला घातली होती. "लिहिणार असशील तर माझी चूक बी लिही. न्हायतर काय छापायचं न्हाय." गौरवलेखात सत्कारमूर्तींची चूक लिहायची, हे काम आजवर कुणाच्या वाट्याला आलं असेल असं वाटत नाही. आण्णांचा दम मात्र कधी पोकळ नसतो. ती चूक लिहिली नाही तर हे पुस्तक निघणार नाही आणि प्रकाशनाला मंडपात येणाऱ्या शंभर माणसांना हात हलवत परत जावं लागेल. म्हणून ती लिहिणार आहेच. पण त्याआधी माझी स्वतःची चूक सांगणं भाग आहे, कारण त्या दोन्ही चुका एकाच माळेचे मणी आहेत.

ज्यांना आण्णांचं काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली लोखंडी सांगाडा असतो आणि बॉडी त्यावर बसवलेली असते. साठ वर्षांपूर्वीच्या काही अमेरिकन गाड्यांना, त्या लांब नाकाच्या, दोन दरवाजांच्या, दांडग्या इंजिनाच्या गाड्यांना, असा अखंड सांगाडा नसतो. त्यांची पत्र्याची बॉडी हाच त्यांचा सांगाडा. पुढे इंजिनाखाली जाड पट्ट्या, मागे चाकांपाशी जाड पट्ट्या, आणि मधे फक्त फरशीचा पत्रा व दरवाजाखालच्या पोकळ पेट्या. इंजिनाने जोर केला की मधला भाग पिळतो, आणि गंज चढला की अधिकच पिळतो. आण्णा खालून पुढच्या पट्ट्यांपासून मागच्यापर्यंत चौकोनी पोलादी नळ्या जोडतात, गंजलेल्या पेट्या नव्या करतात आणि इंजिनाखालून दोन्ही बाजू जोडणारा आडवा बांध घालतात. एक तरुण केवळ इंजिनाची ताकद वाढवून घ्यायला आले होते. त्यांना आण्णा म्हणाले, "कंबर कच्ची असलेल्या पैलवानाचा खुराक वाढवून काय हुनार? हगवण." त्या तरुणांनी मुकाट्याने आधी कंबर करून घेतली.

अशीच एक गाडी गडमुडशिंगीच्या हिंदुरावदादांची. दादा ऊस आणि दूध यांतले मोठे शेतकरी आणि आवाजाने त्याहून मोठे. गाडी त्यांच्या वडिलांनी हौसेने घेतलेली. वडील आता थकले होते, आणि दसऱ्याला त्यांना तीत बसवून गावातून न्यायचं असं दादांनी ठरवलं होतं. काम निम्म्यावर आलं असताना आण्णांना निपाणीला भाचीच्या लग्नाला जावं लागलं. जाताना ते मला म्हणाले, "मी येस्तवर नुसतं घासून ठेवा. वेल्डिंग नगं."

मला तेव्हा दोन वर्षं झाली होती. आपल्याला सगळं येतं असं वाटायला तेवढी पुरतात. आण्णा परत येतील तेव्हा काम झालेलं दाखवू, अशी मला हुक्की आली. गाडी पुढून आणि मागून लोखंडी घोड्यांच्या टेकूवर उचलली, म्हणजे खाली ऐसपैस झोपता येईल. उजव्या बाजूची नळी धरली आणि एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत वेल्ड केली. वेल्डची शिवण इतकी सुरेख आली होती की मी तिच्याकडे बघत बसलो. मग गाडी चाकांवर उतरवली आणि उजवा दरवाजा लावायला गेलो. तो चौकटीत बसेना.

काय झालं होतं ते सांगतो. दोन टोकांवर तोललेली गाडी मधे किंचित झुकली होती. एकाच बाजूला सलग उष्णता दिल्याने पत्रा आणखी ओढला गेला होता. मी जोडलेल्या नळीने गाडीचा तो बाक कायमचा पक्का करून टाकला. असं काम गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना, दरवाजे बसवून, थोडं डावीकडे थोडं उजवीकडे असं करत करायचं असतं. हे आण्णांनी मला दहा वेळा दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आण्णा आले. लग्नातले लाडू त्यांच्या हातात होते. त्यांनी दरवाजा दोनदा लावून पाहिला, फटीत बोट घातलं, गाडीखाली वाकून शिवण पाहिली. मी नोकरी परत मिळेल का याचा विचार करत होतो, आणि ती मिळणार नाही हेही मला ठाऊक होतं. आण्णांनी लाडवांचा पुडा माझ्या हातात दिला.

"दादांना बोलीव. कुनी बिघडवलं त्ये सांग."

"मी सांगू?"

"मग काय मी सांगू? चूक तुजी, तोंड बी तुजंच लागंल. मी बाजूला उभा ऱ्हातो."

त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा अरे-तुरे केलं. तेव्हा घाबरलो असल्यामुळे ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

हिंदुरावदादा तासाभरात आले. मी सांगितलं. मग दादा जे बोलले ते गौरवग्रंथात छापण्यासारखं नाही. पेठेतली माणसं दारात जमा झाली. तो सगळा वेळ आण्णा माझ्या डाव्या खांद्याशी उभे होते. ते माझ्या बाजूने एक अक्षर बोलले नाहीत आणि माझ्या विरुद्धही बोलले नाहीत. फक्त जागचे हलले नाहीत. शेवटी दादा ओरडले, "ह्या मानसाला आदी हाकला हितनं!"

"हाकलला असता," आण्णा शांतपणे म्हणाले, "पर आज ह्यो जे शिकलाय त्ये दुसऱ्याच्या गॅरेजात न्हेनार. माजं नुसकान न्हाय का? बसा, च्या घ्या."

दादांनी चहा घेतला, पण रागानेच घेतला. पुढचे दोन दिवस आम्ही माझी सुरेख शिवण कापत होतो. पन्नाशी उलटलेले आण्णा स्वतः गाडीखाली उताणे पडून कापत होते. दसरा हुकला. दादांनी वडिलांना सजवलेल्या ट्रॅक्टरवर बसवून गावातून नेलं, आणि ते ऐकून मला जेवण गेलं नाही. गाडी दिवाळीच्या पाडव्याला तयार झाली. आण्णांनी एका मागच्या चाकाखाली विटा रचल्या, गाडी तिरकी उभी केली आणि दादांच्या वडिलांना दरवाजा उघडायला सांगितलं. त्या थकलेल्या हाताच्या एका बोटाने तो उघडला आणि तसाच अलगद मिटला. म्हातारबाबा हसले. दादांनी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की तो राग होता की माया, हे मला अजून समजलेलं नाही.

आता आण्णांची अट.

मागच्या वर्षी सांगलीच्या एका डॉक्टरबाईंची गाडी आली होती. इंजिनाखालचा आडवा बांध आण्णांनी स्वतः मापून स्वतः जोडला. गाडी फिरवून आणताना मला ती एका बाजूला ओढतेय असं वाटलं. खालून कोपऱ्याकोपऱ्यांतले कर्ण मोजले, तर बांध बोटभर सरकलेला. टेप वाचण्यात चूक झाली होती. आण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता आणि ते कुणाला सांगत नव्हते.

मी ठरवलं की हे कुणाला कळू द्यायचं नाही. सोमवारी गॅरेज बंद असतं. सकाळीच आण्णांच्या घरून किल्ली नेली आणि बांध कापायला घेतला. अर्धा कापून झाला असेल, तर दारात आण्णा. खुंटीवर किल्ली दिसली नाही म्हणून आले होते. ते खाली वाकले, कापलेली जागा पाहिली आणि बोटाने चाचपली.

"मला न दाखवता नीट करनार हुतास?"

मी कापायचं यंत्र खाली ठेवलं.

"मी तुजं असंच गपचिप केलं असतं तर तू शिकला असतास व्हय रं? मग मला का शिकू देत न्हाईस?"

त्यांनी खिशातून फोन काढला. नंबर दिसेना, म्हणून माझ्याकडून लावून घेतला. "डॉक्टरबाई, शंकर मिस्त्री बोलतोय. तुमच्या गाडीत माज्या हातनं चूक झालीया. मलाच नीट दिसत न्हाय." बाई पलीकडून रागावल्या नाहीत. गाडीचं राहू द्या, आधी डोळे दाखवा, असं त्या म्हणाल्या. पुढच्याच महिन्यात आण्णांचं ऑपरेशन झालं. आता त्यांना टेपावरची बारीक रेघसुद्धा दिसते, तरी कोणतंही माप दोघांनी वाचल्याशिवाय आमच्याकडे वेल्डिंगची ठिणगी पडत नाही. हा नियम त्यांनी स्वतःवर लावला आणि मग आम्हा सगळ्यांवर.

गौरवग्रंथाला त्यांनी नकार दिला तो या प्रसंगानंतर. "चुकल्याली मानसं व्यासपीठावर बसवत्यात व्हय?" असं ते म्हणत. मला त्यांना सांगावंसं वाटलं, आण्णा, तुम्ही ज्या दिवशी तो फोन केलात त्या दिवशीच आम्ही तुमचा सत्कार केला. पण त्यांच्यासमोर असलं बोलायची माझी छाती होत नाही, म्हणून इथे लिहितो. माझं त्यांच्यावर फार प्रेम आहे, हेही तोंडाने कधी म्हटलेलं नाही.

हा लेख परवा त्यांना वाचून दाखवला. गॅरेजच्या बाकावर बसून, डोळे मिटून त्यांनी ऐकला. हगवणीचा उल्लेख काढावा का, असं मी विचारलं तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, खरं हाय." संपल्यावर मी म्हणालो, "अट पाळली की नाही?"

"पाळलीस. पर अर्दंच लिहिलंस." त्यांनी डोळे उघडले. "मी फोन करताना बाजूला कोन उभं हुतं त्ये ऱ्हायलं की."

ते आता लिहिलं, बाजूला मी उभा होतो. आण्णांना आमच्यासारख्यांच्या गोतावळ्यात, निरोगी डोळ्यांनी आणि भक्कम कंबरेने शतकापलीकडचं आयुष्य मिळो. त्यांचं बोट अजून पुष्कळ दरवाजांच्या फटींत जाऊन बिनवळाचं बाहेर येवो. आणि त्यांच्या बाजूला उभं राहायची ती जागा तेवढी वर्षं माझ्याकडेच राहो.