धुरपताची साक्ष

धुरपताबाईला गावात हट्टी म्हणत. मी म्हणते, हट्टी माणसं निदान वळणावर तरी थांबतात, ही थांबतही नव्हती. तिचं घर माझ्या अंगणवाडीसमोर. आम्ही बुद्धाला मानणारी माणसं, ती येशूची, आणि बाकी गाव गावदेवाचं. भांडायला एवढं पुष्कळ होतं, तरी आमचं कधी बिनसलं नाही.

ती येशूकडे वळली १९९९ च्या पावसाळ्यात. पोरगी रंजिता तेव्हा पहिलीत होती. हातपाय ठणकून ती ओरडायची, ताप उतरत नव्हता. गोंदियाहून येणाऱ्या गुलशन पास्टरनं प्रार्थना केली आणि दोन दिवसांत पोर अंगणात खेळायला लागली. धुरपता आणि तिचा नवरा मंगरू, दोघंही त्याच्या ख्रिस्ती मंडळीत गेले.

गावानं लगेच नाक मुरडलं. गावदेवाच्या पूजेला ही येत नाही म्हणून भाताच्या रोवणीच्या टोळीत बोलावणं बंद झालं. ही सरळ गोवर्धन पाटलाच्या बांधावर जाऊन उभी राहिली. "माह्या हातानं रोवलेलं धान तुमच्या बांधीत उगवत नाही काय? देवाचं मी पाहून घेईन, तुमी रोवण्याचं पाहा!" रोवणीचे दिवस सरत आलेले, बायका मिळेनात. पाटलानं मुकाट्यानं तिला चिखलात उतरवलं.

मंडळीत मात्र तिचा मोठा मान. दर सभेत पास्टर तिला उभं करायचा आणि ती साक्ष द्यायची, माझी पोरगी मरत होती, येशूनं बरी केली. लोक टाळ्या वाजवत, रडत. तीही रडायची. सुखाचे दिवस होते ते, खोटं कशाला सांगू?

पुढं रंजिताचं दुखणं परतलं. मीच तिला तपासायला नेलं. सिकलसेल निघाला. रक्तातला आजार, मधेमधे दबतो पण जात नाही. धुरपतानं पोरीला गोळ्या सुरू केल्या आणि पुढच्या सभेत ती जुनी साक्ष द्यायला साफ नकार दिला.

पास्टर घरी आला. "बहन, दवाई का नाम मत लो. लोगों का विश्वास टूटेगा. वही पुरानी गवाही दो."

"पोरगी दुखण्यानं तळमळून राहिली, अन् मी बरी झाली म्हनू? देवाले खोटी साक्ष कायले लागते?"

"फिर विश्वास कमजोर है तुम्हारा." तेव्हापासून तिला बोलायला उभं करणं बंद झालं. रविवारी ती जायची, प्रार्थना करायची, परत यायची. मला राग यायचा. मी म्हणायची, कशाला जातेस तिथं? ती म्हणायची, "मी पास्टरसाठी जात नाही."

रंजिता दहावीला बसणार होती, त्या हिवाळ्यात गेली. छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्याच्या वाटेवरच संपली. मी पोरीला वाढताना पाहिलं होतं. त्या दिवशी मला कुणाचाच देव चालला नसता.

गावाचं मात्र तिसऱ्याच दिवशी सुरू झालं. गोवर्धन पाटील चार माणसं घेऊन आला. "धुरपते, आता तरी परत ये. कुठं गेला तुहा येशू?"

ती चुलीसमोरून उठली. "माही सासू याच दुखण्यानं मेली. दीर मेला. तवा सारे तुमच्याच देवाचे होते. तवा कोनी विचारलं काय, देव कुठं गेला म्हून? माह्याच देवाचा हिशेब काऊन?"

पाटलानं टोपी सारखी केली आणि निघाला.

रविवारी तिनं मला सोबत नेलं. पत्र्याच्या शेडमध्ये सभा भरली होती. गाणं संपलं तशी ती न विचारता उभी राहिली. पास्टर म्हणाला, "बहन, बैठ जाओ."

"बसत नाही. लय वर्सं तुमी उभं केलं तवा उभी राहिली. आज माह्या मनानं उभी हावो." मग ती लोकांकडे वळली. "माही पोरगी बरी झाली म्हून मी सांगत होती. ते अर्धं होतं. ती बरी झाली नव्हती. ती मेली. मी येशूले पोरीसाठी धरलं होतं. आता पोरगी नाही, तरी माहा हात सुटत नाही. मी रात्री त्याच्याशी भांडतो, सकाळी त्याच्याशीच बोलतो. ही माही साक्ष. म्हना आमेन, नाहीतर नोका म्हनू."

लोकांनी पास्टरकडे पाहिलं. पास्टरनं घाईनं दुसरं गाणं सुरू केलं.

सभा सुटल्यावर एक बाई कडेवरचं लेकरू सावरत तिच्याजवळ आली. हळूच म्हणाली, "मावशी, माह्या पोट्ट्याचेही हातपाय दुखतात. प्रार्थना झाली, पन दुखते. तपासनी कुठं होते?"

धुरपतानं माझ्याकडे बोट केलं. "ही नेते. उद्याच जा. गोळी दे, अन् प्रार्थनाही कर. यातलं एक सोड म्हून कोनी म्हनलं, त त्याले माह्याकडं पाठवजो."