बाभुळगाव ते केळापूर, मिसिंग मारत

नाही, एसटीनं नाही गेलो. कायले जाऊ? दारात सोताची गाडी हाय. जुनी हाय, तं मी कुठं नवा हाव? दिवाळीपासून मिसिंग मारून राह्यली होती, हे खरं. चालता चालता फट् फट्, दोन झटके, मंग अशी सरळ चाले का जसं काई झालंच नाही. तीन मेकॅनिकले दाखोली. प्लग पुसले, वायरी बदलल्या, पाइंट घासले. त्याइच्या दारात शहान्यावानी चाले, गावाबाहेर आली का फट्.

पोरगं यवतमाळले हापिसात हाय. त्यानं सांगतलं, "बाबा, केळापूरले जाऊन या. वाटेत एकदा बी बंद पडली तं सोमवारी भंगारवाला येईन." मी हाव म्हनलो. साक्षीले त्याची माय, अन् ते बाई खोटं बोलत नाही.

शनिवारी सकाळी मी अन् माही बाई निंघालो. टाकी गावातच फुल केली. डिक्कीत केळापूरच्या साळीसाठी, म्हंजे बाईच्या बहिनीसाठी, चार उशा. त्या साली कापसाले भाव विचाराची सोय नव्हती, मागच्या सालचा माल अजून खोलीत छतापर्यंत. गाद्या भरल्या, उशा भरल्या, दाराच्या फटी बुजवल्या. बोनेटची खडखड बी मी दिवाळीत बंद केलती, फुकटात.

यवतमाळपर्यंत गाडी मख्खन. पुढं घाटंजीकडं चढ लागला, पाय दाबला, का फट् फट्. पाय उचलला का बरी. माही बाई म्हने, "दाबू नोका ना." न दाबता चढ कसा चढन? झटक्या झटक्यानं तिचं डोकं हालून राह्यलं होतं, अन् तिले हासू आवरेना. मले बी आवरेना. दोघं म्हातारे खिदळत चढ चढलो. रस्ता तिथं फुटला हाय, दुसऱ्या गिअरवरच घ्या.

गाडी बंद करायची नाही, हे मी ठरवलंच होतं. चढावरच्या टपरीवर चहा बी तसाच पेलो. बाई उतरून गिलास घेऊन आली, मी रेसवर पाय ठेवून खिडकीतून फुरके मारले. चहा चांगला हाय, आलं जास्त टाकते.

घाटंजीच्या अलीकडं बाभळीखाली एक गॅरेज हाय. मिस्त्री तांड्यावरचा, माह्या बाईले याडी म्हने, म्हंजे माय. मी बोनेटचा खटका वढला.

"काका, पयले गाडी बंद करा."

"बंद नाही करत."

"काहून?"

बाईनं त्याले सारी शर्यत सांगतली. तो हासत हासत खाली बसला. मंग त्यानं चालू गाडीचंच बोनेट उचललं. असं आजपर्यंत कोनी पाह्यलंच नव्हतं. त्या तिन्ही मेकॅनिकनं बी पयले गाडी बंद करून मंग बोनेट उचललं होतं.

"दाबा काका. अजून दाबा."

दाबलं. फट् फट्, काळा धूर, गाडी थरथर कापाले लागली. आता मेली, असं वाटलं. तेवढ्यात मिस्त्रीनं हात घातला, अन् गाडी अशी गरजली का बाभळीवरचे बगळे उडाले.

त्याच्या मुठीत कापूस. सरकीसकट, काळाभोर. इंजिन हवा वढते त्या सोंडीपाशी पडला होता. पाय दाबला का सोंडीले चिकटे, हवा बंद. पाय उचलला का गळून बाजूले बसे.

"उंदरानं घर केलं असन," मिस्त्री म्हने. मले दिवाळी आठवली. मी म्हनलं, हाव, उंदीर लय झाले. बाईनं माह्याकडं पाह्यलं अन् पदर तोंडात कोंबला. मिस्त्रीनं तीस रुपये घेतले, त्यातून आमाले भजे चारले.

मंग काय! घाटंजी ते पांढरकवडा मी पाय उचललाच नाही. पळस फुलले होते, बाई गाने म्हनत होती. केळापुरात साळीच्या दारात मीच किल्ली फिरवून गाडी बंद केली, राजावानी. देवीचं दर्शन झालं. रातच्याले भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. उशा मात्र साळीनं परत देल्ल्या, तिच्या घरी बी खोलीभर कापूस.

रविवारी परत. पोरगं सुट्टीचं घरीच होतं, दारातच उभं. त्यानं मायले विचारलं, "बंद पडली?"

"नाही. यायनं बंदच होऊ देल्ली नाही."

भंगारवाला आला नाही. गाडी दारात हाय, तोंड पुसून. आता बोनेट खडखडते, तं मले गोडच लागते.

पोरगं अजून विचारते, तिथं कापूस गेला कसा? माय त्याची माह्याकडं पाह्यते. मी नाही सांगत. तुमाले बी नाही. बस.