वैष्णवीचे थरथरणारे हात

चारठाण्याच्या वैष्णवीला लहानपणापासून प्रत्येक गोष्टीचं 'का' हवं असायचं. ती परभणीला नर्सिंगला गेली तेव्हा तिच्या वडिलांना, किशनरावांना वाटलं, आता हिच्या प्रश्नांना उत्तरं देणारं कुणीतरी भेटेल. पण दुसरं वर्ष सुरू होतंय न होतंय तोच कोरोना आला, कॉलेज बंद झालं आणि पोरगी बॅग घेऊन घरी आली.

शिकवणं मोबाइलवर सुरू झालं. रेंज फक्त घराच्या छतावर, माळवदावर यायची. पडद्यावर मॅडम रबरी हाताला सलाइनची सुई लावून दाखवायच्या आणि नेमकं सुई आत जाताना चित्र अडकायचं. वैष्णवीकडे स्टेथोस्कोप तेवढा होता. तिनं आईची छाती ऐकली, शेजारच्या चतुराबाईंची ऐकली, एकदा गाभण म्हशीचीही ऐकली. म्हशीचं काळीज इतकं सावकाश का चालतं, हे ती मॅडमना विचारणार होती. तेवढ्यात रेंज गेली.

दुसऱ्या लाटेत माणसं कमी पडायला लागली, तसं विद्यार्थिनींना सेलूजवळच्या कोविड सेंटरवर बोलावणं आलं. पहिल्याच सकाळी कडूबाई नावाच्या आजींना सलाइन लावायचं काम वैष्णवीकडे आलं. एकावर एक दोन हातमोजे, चष्म्यावर वाफ. नस सापडली, पण बोटं अशी थरथरली की सुई निसटली. पुन्हा टोचली, पुन्हा तेच. शेवटी सेंटरवरच्या अनुभवी धम्मशीला सिस्टरांनी येऊन ते काम केलं.

त्या दिवसापासून तिला जेवण जाईना. डोळे मिटले की सुईच दिसायची. भीती होतीच, पण नवल त्याहून मोठं होतं. एरवी कशालाही न हलणारे आपले हात इथंच का हलतात? आपण आजारी आहोत की नालायक? पुस्तकात रुग्णाच्या मनावर धडा होता. नर्सच्या मनाचं काय, ते कुठं सापडलं नाही.

तिनं सरळ सिस्टरांनाच विचारलं, "सिस्टर, तुमचे हात कधी थरथरलेत का?"

सिस्टर ट्रे पुसत होत्या. ट्रे बाजूला ठेवून म्हणाल्या, "अजून थरथरतात. पण हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं."

मग तिनं सोबतच्या पंकजाला विचारलं. पंकजा म्हणाली, मी अंघोळीला जाते म्हणून सांगते आणि आत नुसती रडत बसते. हळूहळू एकेक मुलगी बोलायला लागली. सिस्टरांनी ड्यूटी सुटल्यावर सगळ्यांना व्हरांड्यात बसवायचं ठरवलं. आधी बोलायचं, मग एकमेकींच्या हातावर सुईचा सराव. वैष्णवीनं सगळ्यांच्या आधी आपला हात पुढं केला. टोचून घेणाऱ्याला काय होतं, तेही तिला बघायचं होतं.

पुढं कडूबाईंची सुई बदलायची वेळ आली. त्यांनी आवाजावरून तिला ओळखलं आणि दुसरा हात पुढं केला.

"ह्या हाताला बघ, बाई. तवा लय भेली व्हतीस तू."

बोटं थरथरलीच. ती थांबली, थरथर कमी होऊ दिली आणि मग सुई लावली. या वेळी सुई निसटली नाही.

कडूबाई बऱ्या होऊन घरी गेल्या. त्यांच्या शेजारच्या खाटेवरची बाई मात्र वाचली नाही. त्या दिवशी व्हरांड्यात सराव झाला नाही.

आता वैष्णवी सेलूच्या एका दवाखान्यात नर्स आहे. नव्या विद्यार्थिनी आल्या की ती आधी झोपेचं आणि जेवणाचं विचारते. मुली संकोचून "हो सिस्टर, सगळं ठीक" म्हणतात. ती तिथून हलत नाही. मग एखादी खाली बघत बोलायला लागते आणि वैष्णवी स्टूल ओढून तिच्याजवळ बसते.