देवाच्या दारातली सीनियॉरिटी

निपाणीजवळचं आमचं चर्च लहान. रविवारी उपासना संपली की बाहेर चहा होतो आणि चहाबरोबर कुणीतरी एखादा किस्सा काढतोच. चर्च कमिटीची कार्यवृत्तं मीच लिहितो, पण असलं काही त्यात लिहायचं नसतं. मग ते डोक्यात साठत जातं.

सॅम्युएल सर आमच्या कमिटीतले सगळ्यांत ज्येष्ठ. रिटायर्ड हेडमास्तर, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. विड्या वळणारी ताराक्का बाप्तिस्मा मागायला आली, तेव्हा सरांनी तिची परीक्षा घेतली.

"पापांतून तारण कशानं मिळतं?"

ताराक्का म्हणाली, "मला धडा येत न्हाय, सर. मी हाय तशी आले. प्रभूनं घेतलं."

"पास," सर म्हणाले. चेहरा मात्र नापास केल्यासारखा होता.

*

बाप्तिस्मा वेदगंगेत झाला. त्याच दिवशी बेळगावच्या एका बँक मॅनेजरांचाही होता. ते आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना हळूच म्हणाले, "माझा आधी उरका, मला परत जायचंय."

पाळकसाहेबांनी दोघांनाही एकदमच पाण्यात बोलावलं. तळाला शेवाळ. मॅनेजर घसरले, तशी ताराक्कानं त्यांचा दंड धरला.

"सावकाश साहेब. मीबी पहिल्यांदाच उतरलेय."

*

हा किस्सा माझा आहे, आणि तो मी चहावर कधी सांगितलेला नाही.

आमच्याकडे प्रभुभोजनाच्या विधीत द्राक्षरस सगळे एकाच प्याल्यातून पितात. ताराक्काची बोटं तंबाखूनं पिवळी पडलेली, म्हणून मी रांगेत जरा घाई करून तिच्या पुढं शिरलो. कुणाच्या लक्षात आलं नसेल असं वाटलं. मागून ती अगदी हळू बोलली, "हात धुऊन आलेय, अण्णा."



*

नाताळच्या जेवणाला कोण कुठं बसणार याची सरांनी यादी केली होती. जुनी घराणी पुढं, नवीन मागं.

पाळकसाहेबांनी यादी नीट वाचली. "सर, येशूच्या शेजारी क्रुसावर मरता मरता विश्वास धरलेला तो चोर आला तर कुठं बसवू? त्याची सर्व्हिस एका दिवसाचीपण न्हाय."

सरांनी यादी घडी घालून खिशात ठेवली. त्या वर्षी सगळे जमिनीवर गोल करून बसले. सरांचे गुडघे दुखत होते, तरी बसले.

*

गेल्या उन्हाळ्यात मारुती गवंडी वारला. जन्मभर दारू. चर्चची भिंत बांधली त्यानं, पण आत कधी आला नाही. हॉस्पिटलमध्ये शेवटच्या तीन दिवसांत पाळकसाहेबांचा हात धरून त्यानं प्रभूला हाक मारली, बाप्तिस्मा घेतला. घरच्यांनी प्रेत न्यायला नकार दिला.

आमच्या दफनभूमीत जागा उरली नव्हती. कडेला खणलं तर दोन फुटांवर खडक. ऊन चढत होतं. कमिटीतला एकजण म्हणाला, "तीन दिवसांचा विश्वासी. सरकारी स्मशानात नेऊया."

सर काठी टेकत रूथबाईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, कबरीपाशी गेले. शेजारची जागा त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती. काठीनं तिथं रेघ मारली.

"हितं खणा."

मी म्हणालो, "सर, ती तुमची जागा हाय."

सर रूथबाईंच्या क्रुसाकडं बघत होते.

"माझी कुठली?" ते म्हणाले. "मलाबी दिलेलीच हाय की."