दोन पातेल्यांच्या सिस्टर

सिस्टरना विचारपूस करणं ठाऊकच नव्हतं. दारात आलेलं माणूस रडत असो की भांडत असो, त्या आधी त्याच्यापुढं ताटली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आधी खा, मग सांग." खाता खाता माणूस निम्मं विसरायचा आणि उरलेलं नीट सांगायचा. दवाखान्यात नर्स म्हणून आख्खी नोकरी काढल्यावर एवढं वैद्यकशास्त्र त्यांच्या हाती लागलं होतं.

राजारामपुरीत आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं घर. त्या बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू. कोल्हापुरात त्यांची घरं बोटांवर मोजण्याइतकी. प्रार्थनेला सगळे सिस्टरच्याच सोप्यात जमायचे. शनिवार हा ज्यूंचा काम न करण्याचा दिवस, आणि तो पाळण्यात त्या महाकडक. शुक्रवारी दिवेलागणीला गॅस बंद झाला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत पेटायचा नाही. त्या दिवशी फोन नाही, प्रवास नाही. कुणी आजारी पडलं तरच हा नियम मोडायचा, आणि गल्लीतल्या पोरांची पोटं नेमकी शनिवारीच दुखायची.

नव्वद साली कुवेतमध्ये लढाई शिरली, तेव्हा मी चार वर्षांच्या लेकीसह तिथंच होते. माझे यजमान तिथं क्रेन चालवायचे. वाळवंटातून बसनं आम्ही जॉर्डनला आलो, तंबूत दिवस काढले, आणि मग बायकापोरांना आधी विमानात चढवलं. यजमान मागं राहिले. मी अंगावरच्या कपड्यांनिशी कोल्हापुरात पोचले आणि भावाच्या घरामागच्या खोलीत राहू लागले. त्यानंतर यजमानांचं पत्र नाही, तार नाही. ते तंबूत आहेत की वाटेत, की आता नाहीतच, हे सांगणारं कुणी नव्हतं. मी मुळातच ताठ. सांत्वनाला येणाऱ्या बायकांना दारातूनच वाटेला लावायची.

सिस्टर सांत्वनाला आल्याच नाहीत. त्यांनी सरळ हुकूम सोडला, "उद्या घरी ये. सामान घेऊन जा." कुवेतहून परतलेल्यांसाठी त्यांच्या समाजानं संसाराची गाठोडी बांधली होती. मला कुणाचं फुकट घ्यायचं नव्हतं, आणि तसं मी तोंडावर सांगितलं. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "आमचे पूर्वज गलबत फुटून कोकणच्या किनाऱ्याला लागले. अंगावर धड कापड न्हवतं. गावानं जात विचारली न्हाय, आधी पेज दिली. ती पेज त्यांनी तुझ्यासारखी नाकारली असती तर मी आज हितं असते का?" दुसऱ्या दिवशी मी गेले.

सोप्यात वारणानगर, कुरुंदवाडपासून माणसं आली होती. सिस्टरचे धाकटे भाऊ, घड्याळं दुरुस्त करणारे, एकेकाच्या हाती गाठोडं देत होते. कुरुंदवाडच्या एका गृहस्थानं जागेवरच सोडून बघितलं आणि मोठ्यानं म्हणाला, "पावणं, चुकून डबल आलंय बघा. दोन पातेली, दोन पळ्या, दोन झाकण्या. एकात भागतंय की आमचं."

सगळ्यांच्याच गाठोड्यात दोन दोन निघालं. सिस्टर गोंधळल्या. "एक मटणाचं आणि एक दुधाचं. त्याशिवाय संसार कसा मांडणार?" त्यांच्यात मटणाच्या भांड्याला दूध लागू देत नाहीत. ही रीत बाकीच्यांच्यात नसते, हे गाठोडी बांधताना एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. तो गृहस्थ म्हणाला, "सिस्टर, मटणालाच महाग झालोय, आणि तुम्ही त्याला येगळं पातेलं देताय व्हय?" सोपा हसला, सिस्टर हसल्या आणि मीसुद्धा हसले. परत आल्यापासून पहिल्यांदाच. दुसऱ्या पातेल्यात मी लेकीच्या आंघोळीचं पाणी तापवू लागले.

सिस्टरचे मेव्हणे मुंबईत विमानतळाजवळ राहायचे. ते रोज चालत जाऊन उतरलेल्या लोकांच्या याद्या वाचत आणि संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात फोन करत. रोज एकच उत्तर यायचं, "आज न्हाय." शनिवारी तेवढंही नसायचं. म्हणून शनिवारी मी सिस्टरकडं जाऊन नुसती बसायची. त्या मला तांदूळ निवडायला द्यायच्या. स्वतः मात्र हात लावायच्या नाहीत.

अशाच एका शनिवारी भरदुपारी दुकानदार धापा टाकत आला. "सिस्टर, मुंबईचा फोन हाय. तुमचं मेव्हणं."

सिस्टरचा चेहरा उतरला. "शनवारी?" एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्यातला माणूस शनिवारी फोन उचलतो तो मरणाच्या बातमीला, हे मलाही ठाऊक होतं. दुकानापर्यंत मी कशी चालले ते आठवत नाही. सिस्टरनी रिसीव्हर कानाला लावला, ऐकलं आणि माझ्या हातात दिला.

"मी बोलतोय," यजमान म्हणाले. "पोचलोय. तुम्ही दोघी बऱ्या हाय न्हवं?"

मी दुकानातच पोत्यावर बसले आणि मनसोक्त रडले. मागून मेव्हणे फोनवर आले आणि शनिवार मोडल्याबद्दल सिस्टरची माफी मागू लागले. वाचणं म्हणजे काम नव्हे असं ठरवून ते यादी बघायला गेले होते, पण यजमान समोर दिसल्यावर सूर्य मावळेपर्यंत थांबणं त्यांना जमलं नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "असू दे. शनवार पुढच्या आठवड्यात परत येतोय की."

यजमान घरी आल्यावर सिस्टरनी त्यांच्यासाठी बोललेला नवस फेडला. एलियाहू पैगंबराच्या नावानं गूळखोबरं घातलेल्या पोह्यांचा मलिदा केला आणि आम्हा तिघांना सगळ्यांत आधी दिला.

तीन वर्षांनी सिस्टर कायमच्या इस्रायलला, मुलाकडं निघाल्या. स्टेशनवर त्यांचे भाऊ सहज बोलून गेले, "नात तीन वर्षांची झाली, आत्ता तोंड बघणार. नव्वदला बारशाचं तिकीट आलतं, ते हिनं परत केलं. मग तिकडंबी लढाई पेटली, आणि ऱ्हायलं ते ऱ्हायलंच."

मी खिडकीत बसलेल्या सिस्टरकडं वळले. त्या ऐन दिवसांत, माझ्या शेजारी बसून, त्यांनी यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. "मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"त्यात काय सांगायचं?" सिस्टर म्हणाल्या. "माझा मुलगा कुठं हाय ते मला ठाऊक होतं. तुझा नवरा कुठं हाय ते तुला ठाऊक न्हवतं."

डब्यात यजमान सिस्टरची ट्रंक बाकाखाली सरकवत होते. शिट्टी झाल्यावर मी यजमानांना हाक मारली, आणि गाडी हलता हलता ते खाली, माझ्याशेजारी उतरले.