माहूरच्या पायरीवर कुटलेला विडा

मला माझ्या बायकोचा चेहरा आठवेना. असं लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहून कुणाचं भलं होणार आहे. पन्नास वर्षांच्या वर संसार झाला आमचा. तिचं चालणं आठवत होतं, खोकला आठवत होता, भाकरी थापताना बांगड्या वाजायच्या तो आवाज अजून कानात होता. पण डोळे मिटले की तोंड तेवढं यायचं नाही. तोंडाच्या जागी भिंतीवरच्या तसबिरीतली बाई यायची, आणि ती बाई माझ्या ओळखीची नव्हती.

गयाबाईचा, म्हणजे माझ्या बायकोचा, धड असा फोटोच नव्हता. आधार कार्डावर एक होता, त्यात तिनं ऐन वेळी डोळे मिटलेले. ती गेल्यावर आमच्या लेकीनं, कुसुमनं, तोच फोटो निलंग्यातल्या एका फोटोवाल्याकडं दिला. लेक तिकडंच नांदते. त्या माणसानं मशीनवर डोळे उघडून दिले, रंग उजळवला, बसलेले गाल भरून काढले आणि अंगावर जांभळी, काठाची साडी चढवली. तेराव्याला आलेले सगळे म्हणाले, काय झकास फोटो झालाय. मीही मान हलवली. मग वर्षभर खाटेवर पडून मी तोच फोटो बघत राहिलो. दुसरं काही बघायला घरात नव्हतं. बघून बघून ती जांभळ्या साडीतली बाई मनात बसली, आणि माझी बाई कधी उठून गेली ते मला कळलंच नाही. ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मी तसबीर उलटी केली, तोंड भिंतीकडं.

वर्षश्राद्धाला कुसुम आली. दारातून आत पाऊल टाकलं आणि तिथंच थांबली.

"दादा, आईचं तोंड भिताडाकडं केलं? लोक काय म्हणतील?"

"ही तुझी आई न्हाई. कुठल्या तरी शाळंतली मास्तरीण हाय."

"मग आई कशी होती? तुम्हीच सांगा."

मी तोंड उघडलं आणि मला काही सांगता येईना. नाक कसं होतं, कपाळ केवढं होतं, हसताना काय व्हायचं, काहीच नाही. लेक बघत राहिली. तिला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय. दुसऱ्या दिवशी ती रागातच निलंग्याला गेली. मी बसून राहिलो. माणूस गेलं ते मी सोसलं होतं. आता आतलंही पुसलं गेलं, तर मग माझ्याजवळ उरलं काय, हे मला कळत नव्हतं.

देवाधर्माचं मला पहिल्यापासून कमीच. चौथीपर्यंत शिकलो, पुढं बैलामागं. देवाशी माझं भांडण नव्हतं आणि येणंजाणंही नव्हतं. गयाबाईचं मात्र सगळं माहूरच्या रेणुकामातेवर. दर नवरात्रात ती म्हणायची, आवं, एकदा माहूरला जाऊन येऊ. मी म्हणायचो, तुझी देवी काय पळून चालली का? जाऊ की. आमच्या उमरीहून माहूर काही परदेशात नाही. पण कधी पेरणी, कधी काढणी, कधी नुसताच कंटाळा, आणि मग तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली. त्यानंतर ती माहूरचं नाव काढेनाशी झाली. मीही काढलं नाही.

नवरात्रात ती देवीची गोष्ट सांगायची, ती मात्र मला पाठ झाली होती. परशुरामाच्या बापाला शत्रूनं मारलं. पोरानं कावड केली, एका पारड्यात बापाचं मढं, दुसऱ्या पारड्यात आई, आणि जिथं कधी कुणाची चिता पेटली नाही अशी कोरी जमीन शोधत तो निघाला. ती माहूरला मिळाली. दत्तानं विधी सांगितला. रेणुका नवऱ्याबरोबर अग्नीत गेली. मग पोरगं आईसाठी रडायला लागलं. तेव्हा आवाज झाला की तुझी आई जमिनीतून वर येईल, पण तू मागं वळून बघू नको. त्याला दम निघाला नाही. त्यानं बघितलं. तोवर नुसतं तोंड वर आलं होतं, तेवढंच राहिलं. म्हणून माहूरला देवीचं फक्त तोंड आहे. ही गोष्ट ऐकली की मी दर वर्षी एकच बोलायचो, "येवढा कुऱ्हाड घेऊन फिरणारा, आन् जरा दम निघंना व्हय त्याला?" ती म्हणायची, "तुमचं कुणी जाऊ द्या, मग बोला."

कुसुम निलंग्याला गेल्यावर मी गयाबाईची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी एक हिरवा खण होता, घडी न मोडलेला. देवीची ओटी भरायला तिनं कधी तरी घेऊन ठेवला असणार. मला सांगितलं नव्हतं. सांगून काय उपयोग झाला असता, ते तिला माहीत होतं. तो खण पिशवीत घातला आणि निघालो. भक्ती म्हणून नाही. तिचं एक काम माझ्यामुळं राहिलं होतं, ते उरकायचं, एवढंच डोक्यात होतं. भोकरला जाऊन रेल्वेनं किनवट, तिथून एसटीनं माहूर. सागाच्या जंगलातून गाडी वर चढताना खिडकीशी बसून मी मनात देवीला सरळ म्हणालो, तुझ्याकडं नुसतं तोंड हाय, माझ्याकडं सगळं हाय आन् तोंड न्हाई. बघ काय करायचं ते.

देवळाच्या पायऱ्या बऱ्याच आहेत. निम्म्यात माझे गुडघे बोलायला लागले. दोन्ही बाजूंनी खणा-नारळाची, हळदीकुंकवाची दुकानं, आणि मध्ये मध्ये विडा कुटणाऱ्या बाया. माहूरला देवीला पानाचा विडा कुटून देतात, त्याला तांबूल म्हणतात. तो देवीच्या तोंडात भरतात आणि मग प्रसाद म्हणून वाटतात. हे मला ऐकून ठाऊक होतं, पण तो खट्‌खट्‌ आवाज कानावर पडला आणि माझे पाय आपोआप थांबले. कारण तो आवाज माझ्या घरातला होता.

तिला पानाचा नाद जन्माचा. म्हातारपणी दात गेले, मग खलबत्त्यात कुटून खायची. लकव्यानं हात गेला, तेव्हा कुटायचं माझ्याकडं आलं. तीन वर्षं रोज दुपारी मी तिला विडा कुटून दिला. कुरकुर करत दिला, हेही सांगतो. ती समोर भिंतीला टेकून बसायची. सुपारीचा खडा राहिला तर थुंकून टाकायची आणि म्हणायची, "नीट कुटा की, जनावराला घालून राहिले का?" ती गेली त्या दिवशी मी खलबत्ता माळ्यावर टाकला. वर्षभर हात लावला नव्हता.

ज्या दुकानापुढं मी बसलो, तिथली बाई पन्नाशीची असेल. मनगटाला फडकं गुंडाळलेलं, समोर पानांचा ढीग. गिऱ्हाईक खोळंबलेलं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "मामा, बसलाच हाव तर नुसतं बसू नका. माझं मनगट धरलंय. चार घाव घाला." मी काही बोलायच्या आत तिनं तांब्यातलं पाणी माझ्या हातावर ओतलं आणि बत्ता हातात दिला.

मी सुरू केलं. हात सगळं विसरला असेल असं वाटलं होतं, पण हात विसरला नव्हता. आधी सुपारी, मग कात, बडीशेप, लवंग, शेवटी पानं फाडून. बाई म्हणाली, "हळू, मामा. देवीचं तोंड हाय, म्हशीचं न्हाई."

"तीन वर्षं बायकोला कुटून दिलाय. मला शिकवू नको."

"मग मालकीण कुठं हायत? मागं ऱ्हायल्या का खाली?"

"गेली. वर्ष झालं."

तिनं खलबत्त्यात आणखी दोन पानं टाकली आणि हळूच म्हणाली, "कुटा मग. निवांत कुटा."

मी कुटत राहिलो. किती वेळ ते ठाऊक नाही. त्या वेळात मी काही आठवत नव्हतो, काही शोधत नव्हतो. सुपारी बारीक झाली का, एवढंच बघत होतो. विडा झाल्यावर सवयीनं चिमूट घेतली, दोन बोटांत चोळून खडा राहिला का ते बघितलं, आणि सवयीनंच मान वर करून म्हणालो, "घे, झालं बघ."

आणि ती समोर होती. भिंतीला टेकून, तोंड उघडून, चिमणीच्या पिलासारखी वाट बघत. बसलेले गाल, एक बाजू ओघळलेली, कपाळावर तिरपं लागलेलं कुंकू, कारण मीच लावून द्यायचो आणि मला सरळ जमायचं नाही. आणि डाव्या डोळ्याखाली मसुराएवढा काळा डाग. लग्न होऊन पहिल्याच वर्षी रानात हुरडा भाजत होतो. मी आगटी उगीच जोरात ढोसली आणि निखारा उडून तिला लागला होता. तो डाग मी पार विसरून गेलो होतो. किती वेळ दिसली ते सांगता येणार नाही. डोळ्यात पाणी आलं आणि दुकानवाली बाई दिसायला लागली. ती विचारत होती, "मामा, पाणी देऊ का?"

वर जाऊन दर्शन घेतलं. शेंदरी, मोठं, नुसतं तोंड, आणि त्या तोंडात विडा भरलेला. खण पुजाऱ्याच्या हातात दिला. हात जोडले, पण मागायला काही सुचलं नाही. परशुरामाला मी जन्मभर हसलो होतो. त्या दिवशी कळलं, ज्याचं माणूस गेलंय तो मागं बघितल्याशिवाय राहूच शकत नाही. आणि त्यानं बघितलं म्हणून आई काही रागावून परत जमिनीत गेली नाही. जेवढी वर आली होती, तेवढी त्याच्यासाठी थांबली. एवढी मोठी दया मला कुणी समजावून सांगितली नव्हती. सांगितली होती खरं तर, दर नवरात्रात. मी ऐकली नव्हती.

उतरताना मुद्दाम त्या दुकानाकडं बघितलं. ती बाई तिथंच होती, शेजारणीशी पानांवरून तावातावानं भांडत होती. मला बघून तिनं मनगट वर करून दाखवलं आणि हसली. साधी बाई. ती कोण होती, काय होती, यावर मी वाद घालत नाही. तिनं मला बत्ता दिला, एवढं खरं.

एसटी स्टँडवर बसून मी कुसुमला फोन लावला. आधी ती तुटक बोलली. मी म्हणालो, "तुझ्या आईच्या डाव्या डोळ्याखाली डाग होता. निखाऱ्याचा."

"हाव दादा," ती म्हणाली. "कार्डावरच्या फोटोत होता. मीच फोटोवाल्याला म्हणलं, तेवढा पुसून टाका. लोकांनी आईला चांगलं बघावं म्हणून." आणि ती रडायला लागली. "मी चुकले ना?"

"न्हाई बाई," मी म्हणालो. "तुझं न्हाई चुकलं. तो डाग पाडला मी, लपवला तू. आईनं दोघांलाबी कधी काही म्हणलं न्हाई."

घरी आल्यावर खलबत्ता माळ्यावरून काढला, घासला. आता रोज दुपारी विडा कुटतो. शेजारच्या बोळक्या म्हातारीला देतो, ती चुना कमी पडला म्हणून रोज तक्रार करते. कुटताना कधी गयाबाई दिसते, कधी नाही. नाही दिसली तरी आता जीव घाबरा होत नाही. वर्षभर मी तिला खेचून आणायला बघत होतो. बोलावणं आपल्या हातात नाही. हातात बत्ता आहे, तो चालवायचा. एवढं शिकायला मला माहूरला जावं लागलं, आणि तिनं शेवटी मला नेलंच. त्या माउलीचे आणि माझ्या बाईचे, दोघींचे उपकार आहेत.

तसबीर मी सरळ केली. मग चुलीतला विझलेला कोळसा बोटाला लावला आणि काचेवर, डाव्या डोळ्याखाली, टेकवला. काच पुसली की तो जातो. मी परत लावतो.